गव्हन, जहाजांची यार्डं आणि आयब्रॉक्स: शनिवार दुपारचं नातं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. दिवाळी अंकासाठी तुम्ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोवर लेख लिहिताय आणि त्यात गव्हन या तिथल्या भागाबद्दल एक वाक्य आहे: "हे बंद पडलेल्या जहाज कारखान्यांचं गाव. इथल्या जहाजकामगारांनी रेंजर्स फुटबॉल क्लब काढला, आणि कारखाने गेल्यावर क्लब हीच गावाची ओळख उरली." हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. पुढच्या महिन्यात एका शनिवारी तिथे जाणार आहात, तर काय पाहावं, हेही.

मी नौकाबांधणी अभियंता. शिक्षण इथल्याच स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात झालं आणि पुढची बावीस वर्षं क्लाइड नदीच्या काठावर जहाजांच्या तपासणीत गेली. त्याआधीचा धागा माझगावचा. वडील माझगाव डॉकमध्ये प्लेटर, म्हणजे जहाजाचे पोलादी पत्रे घडवून बसवणारे कामगार होते. 'निलगिरी' युद्धनौका तिथे बांधली गेली तेव्हा तांत्रिक मदत यॅरो कंपनीचीही होती, आणि यॅरोचं यार्ड नदीच्या उत्तर काठावर, स्कॉट्सटनला. ते नाव मी घरी लहानपणापासून ऐकत आले. आता महिन्यातून एखादा रविवार मी विद्यार्थ्यांना आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना या भागातून पायी फिरवते. तुमच्या वाक्यासारखं वाक्य त्या फेरीत दर वेळी कुणीतरी बोलतंच.

एक छोटी दुरुस्ती आधी करते. 'गोव्हान' असं लिहू नका. तिथली माणसं 'गव्हन' म्हणतात, ग अगदी ऱ्हस्व.

आता तुमचं वाक्य. त्याचे तीन तुकडे आहेत आणि तिन्ही थोडे थोडे चुकलेत. पण चुकलेलं वाक्य नुसतं खोडलं तर हाती काही राहत नाही, कारण यार्डांचं आणि फुटबॉलचं नातं खरंच आहे. फक्त ते क्लबच्या जन्मात सापडत नाही. ते आहे घड्याळात, पायी चालायच्या अंतरात आणि नोकरी कुणाच्या हातात होती यात.

पहिला तुकडा क्लबच्या जन्माचा. रेंजर्सची सुरुवात १८७२ ची, आणि तीही गव्हनमध्ये झालेली नाही. शहराच्या दुसऱ्या बाजूला, ग्लासगो ग्रीन या मैदानावर. मोझेस आणि पीटर हे मॅकनील बंधू, पीटर कॅम्पबेल आणि विल्यम मॅकबेथ ही चार पोरं. मॅकनील आणि कॅम्पबेल गेअरलॉक या खाडीकाठच्या गावांतून आलेले. पुढे क्लब बर्नबँकला गेला, मग १८७६ मध्ये किनिंग पार्कला, आणि तिथली जागा सोडावी लागल्यावर १८८७ मध्ये गव्हनमधल्या आयब्रॉक्सला. आजचं मैदान त्याला लागूनच १८९९ मध्ये उभं राहिलं. म्हणजे क्लब इथे आला तो पंधरा वर्षांचा होऊन. चौघांपैकी जहाजांशी थेट संबंध होता तो पीटर कॅम्पबेलचा. तो जहाजावरचा इंजिनिअर झाला आणि १८८३ मध्ये बिस्केच्या उपसागरात जहाज बुडून गेला. त्याची गोष्ट लेखात जरूर घ्या, पण तिच्यावरून 'जहाजकामगारांचा क्लब' असा निष्कर्ष काढू नका.

मग क्लब इथेच का रुजला? यासाठी गव्हन काय होतं ते बघायला हवं. १८६४ मध्ये गव्हनला स्वतंत्र नगरपालिका मिळाली तेव्हा वस्ती नऊ हजारांच्या आसपास होती. १९१२ मध्ये ग्लासगोने गव्हन आपल्यात घेतलं तेव्हा ती नव्वद हजारांवर गेली होती. त्याच १८६४ साली जॉन एल्डरचं यार्ड फेअरफील्ड नावाच्या शेतजमिनीवर आलं. एल्डरने जहाजांसाठी असं संयुक्त वाफइंजिन तयार केलं की एकच वाफ दोनदा वापरता येई. कोळसा कमी लागू लागला आणि जहाजं लांबच्या समुद्रात जाऊ लागली. १८६९ मध्ये तो वारला, आणि त्याच्या पत्नीने, इझाबेला एल्डरने, पुढचे नऊ महिने यार्ड स्वतः चालवलं. पुढे १८८५ मध्ये तिने यार्डाच्या समोरच कामगारांसाठी एल्डर पार्क बांधून दिलं. तिचा पुतळा अजून तिथे आहे. गव्हनच्या जुन्या नगरपालिकेच्या चिन्हावर बांधणीला लागलेलं जहाज होतं आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं होतं की श्रमाशिवाय काही नाही.

या वस्तीतले कामगार शनिवारी दुपारपर्यंत कामावर असत. शनिवारचा अर्धा दिवस सुटीचा, रविवारी चर्च, आणि रविवारी खेळ वर्ज्य. म्हणजे आठवड्यात मोकळी अशी एकच दुपार. भोंगा वाजला की हजारो माणसं एकदम गेटाबाहेर पडत, आठवड्याची मजुरी खिशात असे आणि सामना तीनच्या सुमाराला. फेअरफील्डच्या गेटापासून आयब्रॉक्सपर्यंत मी कित्येकदा चालत गेलेय, वीसेक मिनिटं लागतात. ट्रामचं भाडंही लागत नसे. १८९९ मध्ये मोठं मैदान बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही गर्दी असावी. नात्याचं मूळ विचाराल तर ते या वीस मिनिटांत आहे. पहिल्यांदा मी ते अंतर चालले तेव्हा मला माझगावच्या गेटाबाहेरची सुट्टीची गर्दी आठवली होती, आणि वडील घरी येईपर्यंत दारात उभी राहणारी मी.

आता नोकरीचा मुद्दा. हा लिहिताना जपून लिहा, कारण इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. कोणतं यार्ड, कोणतं दशक, कोणतं काम, हे विचारल्याशिवाय सरसकट विधान करता येत नाही.

यार्डातली भरती मुकादमाच्या हातात असे. त्याच्या डोक्यावर बोलर हॅट, कामगारांच्या डोक्यावर सपाट टोपी, जिला इथे 'बनेट' म्हणतात. वरून पडणाऱ्या रिव्हेटपासून, म्हणजे पत्रे जोडायच्या लोखंडी खिळ्यांपासून, बचाव म्हणूनही ही गोल कडक टोपी कामी येई, पण दुरून दिसायचा तो हुद्दा. कसबाची कामं, म्हणजे प्लेटर, रिव्हेट मारणारे, सुतार, ही बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जात. उमेदवारीसाठी, म्हणजे काम शिकायला लागण्यासाठी, ओळख लागे. ती ओळख बहुतेक प्रोटेस्टंट घरांत, ऑरेंज लॉज या प्रोटेस्टंट संघटनेत, फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या मंडळींत फिरत राही. आयर्लंडहून दुष्काळानंतर आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या वाट्याला जास्त करून हमालीची, बिनकसबी कामं आली. मुलाखतीत धर्म विचारत नसत, "शाळा कुठली?" एवढंच विचारत. शाळेच्या नावात 'सेंट' आलं, म्हणजे शाळा कॅथलिक निघाली, की उत्तर मिळालं. आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" असं विचारून काय काढून घेतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की १९१२ मध्ये बेलफास्टच्या हार्लंड अँड वूल्फ या जहाज कंपनीने गव्हनमध्ये यार्ड घेतलं, तिथून प्रोटेस्टंट कामगार आले आणि रेंजर्सला धार्मिक रंग चढला. यात तथ्य आहे, पण हेच एकमेव कारण मानू नका. उत्तर आयर्लंडचे प्रोटेस्टंट क्लाइडवर त्याआधीपासून होते, आणि १८८८ मध्ये आयरिश कॅथलिक वस्तीतून आलेल्या सेल्टिक या क्लबने मैदानात पाऊल टाकल्यापासून दोन बाजू तयार होतच होत्या. १९१२ ने आधीच्या आगीत सरपण घातलं असं मी म्हणेन. रेंजर्सने उघडपणे कॅथलिक असलेला मोठा खेळाडू घेतला तो थेट जुलै १९८९ मध्ये, मो जॉन्स्टन. तोही आधी सेल्टिककडून खेळलेला. ग्रॅहम सूनेस तेव्हा व्यवस्थापक होता. कित्येक दशकं हा क्लब आपल्याच शेजारच्या कॅथलिक पोरांना दार बंद ठेवून होता. मला हे गाव मनापासून आवडतं, म्हणूनच हे वाक्य गाळू नका असं सांगते.

त्याच वेळी 'गव्हन म्हणजे रेंजर्स' असंही लिहू नका. इथे सेंट अँथनीज नावाचा क्लब आहे, १९०२ चा, हिरव्या-पांढऱ्या कपड्यांतला, त्याच नावाच्या कॅथलिक चर्चच्या परिसरातून आलेला. आणि बेनबर्ब आहे, ज्याने कनिष्ठ गटाचा स्कॉटिश चषक १९३४ आणि १९३६ मध्ये जिंकला. इथे 'कनिष्ठ' म्हणजे पोरांचा खेळ नव्हे. अर्धव्यावसायिक मोठी माणसं, कित्येक जण दिवसा यार्डात काम करणारी. खराखुरा कामगारांचा फुटबॉल शोधायचा तर तो या दोन क्लबांत आहे. विनोदवीर बिली कॉनली गव्हनमधल्याच लिंटहाऊसच्या स्टीफन यार्डात वेल्डर होता, आणि सेल्टिकचा कट्टर चाहता. केनी डाल्ग्लिशचं घर आयब्रॉक्सजवळच्या उंच इमारतीत होतं, लहानपणी तो रेंजर्सवेडा, आणि सही केली ती सेल्टिकसाठी. एकाच जिन्यात दोन्ही रंगांचे, रेंजर्सचे निळे आणि सेल्टिकचे हिरवे, स्कार्फ वाळत असतात, हे मी स्वतः पाहते.

आता जिथे माझा व्यवसाय कामी येतो तिथे जरा थांबते. ५ एप्रिल १९०२, आयब्रॉक्सवर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. पश्चिमेकडचा उंच प्रेक्षकमंच पोलादी सांगाड्यावर लाकडी तुळया आणि फळ्या टाकून बांधलेला होता. रात्रभर पाऊस झाला होता. सामना सुरू असताना फळ्या तुटल्या, मोठं भगदाड पडलं आणि माणसं खाली कोसळली. २५ जण गेले, पाचशेच्या वर जखमी झाले. लाकूड पुरवणाऱ्या ठेकेदारावर खटला झाला. ठरल्याप्रमाणे लाल पाइन न घालता पिवळा पाइन घातल्याचा आरोप होता, तो सुटला. माझ्या दृष्टीने लाकडाचा रंग ही अर्धीच गोष्ट आहे. उभी, शांत गर्दी म्हणजे एक वजन. पण चेंडू कोपऱ्यात गेला की तीच गर्दी एकाच क्षणी एका बाजूला झुकते, आणि तुळईवर येणारा भार बराच वाढतो. जहाजाच्या डेकचा हिशेब करताना आम्ही हलणारा भार वेगळा धरतो, ते याच कारणाने. नदीकाठावर समुद्राच्या लाटा सोसतील असे डेक बांधले जात होते आणि वीस मिनिटांवर माणसं लाकडी फळ्यांवर उभी होती. आर्किबाल्ड लीच या मैदानाचा आराखडाकार होता. त्यानंतर देशभर मातीच्या भरावावर प्रेक्षकमंच बांधायची पद्धत रुळली. आज आयब्रॉक्सला जी लाल विटांची भव्य दर्शनी भिंत दिसते, १९२९ ची, तीही लीचचीच.

तुमच्या लेखाचा कणा मात्र मी १९७१ हे वर्ष करेन. त्या एका वर्षात गव्हनवर दोन्हीकडून घाव बसले.

२ जानेवारी १९७१. रेंजर्स विरुद्ध सेल्टिक. सामना १-१ असा सुटला, दोन्ही गोल अगदी शेवटी. बाहेर पडताना १३ क्रमांकाच्या जिन्यावर, कोपलंड रोडच्या बाजूला, माणसं एकमेकांवर पडली आणि ६६ जण चेंगरून गेले. बरीच वर्षं सांगितलं गेलं की गोलचा गलका ऐकून खाली उतरणारे परत फिरले आणि चेंगराचेंगरी झाली. चौकशीत दिसलं ते वेगळं: सगळे एकाच दिशेने, खालीच जात होते. त्याच जिन्यावर १९६१ मध्येही दोघे गेले होते. परत फिरल्याची गोष्ट लिहू नका. तिच्यामुळे दोष जिन्याचा न राहता गर्दीचा होतो. आणखी एक बघा. मेलेल्यांत फाइफ परगण्यातल्या मार्किंच या गावचे पाच शाळकरी मित्र होते. म्हणजे १९७१ पर्यंत हा फक्त गव्हनचा क्लब राहिलेलाच नव्हता, बसगाड्या भरून माणसं दूरदूरहून येत होती.

पाच महिन्यांनी, जूनमध्ये, अप्पर क्लाइड शिपबिल्डर्स ही कंपनी बुडाली. फेअरफील्ड, स्टीफन, कॉनेल, यॅरो आणि क्लाइडबँकचं जॉन ब्राउन अशी पाच यार्डं १९६८ मध्ये एकत्र करून ती बनवली होती. सुमारे साडेआठ हजार कामगार. सरकारने पैसा नाकारला. कामगारांनी संप केला नाही, उलट ३० जुलैपासून यार्ड ताब्यात घेऊन काम चालूच ठेवलं. पुढारी जिमी रीड, गव्हनमध्येच जन्मलेला. त्याने बजावलं की मोडतोड होणार नाही आणि दारू होणार नाही, जग आपल्याकडे बघतंय. सरकारी योजनेत वाचणार होती ती गव्हन आणि लिंटहाऊसची यार्डं, बंद होणार होती क्लाइडबँक आणि स्कॉट्सटनची. तरी गव्हनची माणसं दुसऱ्यांच्या यार्डांसाठी उभी राहिली, आणि त्यात दोन्ही रंगांची होती. भरतीच्या वेळी "शाळा कुठली?" विचारणाऱ्या यार्डांनी हे करून दाखवलं, आणि मला ते या गावाचं सगळ्यात मोठं काम वाटतं. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारने साडेतीन कोटी पौंड दिले. त्याच वर्षी मे महिन्यात बार्सिलोनाला रेंजर्सने डायनॅमो मॉस्कोला ३-२ हरवून युरोपातला कप विनर्स चषक आणला.

जिन्यावरच्या दुर्घटनेचा परिणाम मैदानावर झाला. १९७८ ते १९८१ मध्ये आयब्रॉक्सच्या तीन बाजू पाडून पूर्ण बसण्याचे स्टँड उभारले गेले, आणि उत्तरेच्या बाजूला नाव मिळालं 'गव्हन स्टँड'. आता ते सँडी जार्डिनच्या नावाने ओळखलं जातं.

राहिला तुमचा 'बंद पडलेले कारखाने' हा शब्द. हार्लंडचं यार्ड साठच्या दशकाच्या सुरुवातीला संपलं. स्टीफनचं गेलं. तिन्ही सुक्या गोद्या, म्हणजे पाणी उपसून जहाज दुरुस्त करायच्या जागा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी थांबल्या, नंतर त्यांच्या दगडी पायऱ्यांवर झाडं उगवली. फेअरफील्डची अजस्र क्रेन २००७ मध्ये पाडली. पण फेअरफील्डचं यार्ड बंद नाही. सरकारी मालकी, नॉर्वेची क्वार्नर, आणि १९९९ पासून बीएई सिस्टिम्स, असे हात बदलत ते चालू आहे. तिथे टाइप २६ युद्धनौका बांधल्या जातात, आणि पहिलीचं नाव 'ग्लासगो'. आता जहाज स्लिपवेच्या उतारावरून घसरत पाण्यात जात नाही. ते तराफ्यावर चढवून खोल पाण्यात नेतात आणि तराफा बुडवून जहाज तरंगतं करतात. त्यामुळे जलावतरणाला जमणारी गर्दीही गेली. जिथे हजारो माणसं भोंग्यावर बाहेर पडत, तिथे आज पाळ्या वेगवेगळ्या सुटतात आणि बरेच जण गाडीने घरी जातात. म्हणून 'कारखाने गेले' ऐवजी 'गेटाबाहेरची गर्दी गेली' असं लिहा.

उलट बाजूने क्लबही अमर नाही. २०१२ मध्ये रेंजर्स चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि संघाला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. त्या ऑगस्टमध्ये ईस्ट स्टर्लिंगशरविरुद्धच्या सामन्याला ४९,११८ माणसं आली. मी त्या दिवशी आयब्रॉक्सवर होते. माझ्या शेजारी एक निवृत्त प्लेटर बसला होता. तो म्हणाला, लिक्विडेटर, म्हणजे बुडालेली कंपनी गुंडाळणारा, हा शब्द मी दुसऱ्यांदा ऐकतोय. एकहत्तरमध्ये तो यार्डात उमेदवार होता.

मँचेस्टर युनायटेडचा नामवंत व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन याच्याशिवाय गव्हनवरचा लेख होणार नाही, तर त्याबद्दल एवढंच. वडील फेअरफील्डमध्ये प्लेटरचे मदतनीस. तो स्वतः यार्डात नव्हता. हिलिंग्टनच्या टाइपरायटर कारखान्यात तो अवजारं बनवायचं काम शिकला आणि तिथे कामगारांचा प्रतिनिधी होता. हार्मनी रो या इथल्या मुलांच्या क्लबात तो वाढला, १९६७ ते १९६९ रेंजर्सकडून खेळला, आणि व्यवस्थापक म्हणून त्याची पहिली नोकरी १९७४ ची, त्याच ईस्ट स्टर्लिंगशरची. मँचेस्टरच्या कचेरीत त्याने एक पाटी ठेवली होती, गव्हनच्या बोलीत जसं ऐकू येतं तसं सलग लिहिलेली: 'आहकमफेगव्हन'. मी गव्हनचा.

थोडक्यात तुमचं वाक्य मी असं लिहीन: "रेंजर्स गव्हनमध्ये जन्मला नाही. यार्डांच्या शनिवार दुपारने त्याला वाढवलं आणि यार्डांतल्या भेदभावाने त्याला रंग दिला. एक यार्ड आजही चालू आहे."

शनिवारी काय कराल? सबवेने गव्हन स्टेशनला उतरा. बाहेर आल्या आल्या मेरी बार्बरचा पुतळा दिसेल. १९१५ मध्ये, पुरुष यार्डांत आणि युद्धावर असताना, घरभाडेवाढीविरुद्ध बायकांना उभं करणारी ती. जुन्या चर्चमध्ये हजार वर्षांपूर्वीचे कोरीव दगड आहेत, ते चुकवू नका. मग फेअरफील्डची जुनी कचेरी पाहा, आता तिथे वारसा केंद्र आहे, पण उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. सामना तीनचा असेल तर दोनच्या आत यार्डाच्या गेटासमोर उभे राहा आणि तिथून आयब्रॉक्सला चालत जा. गाडी करू नका. एडमिस्टन ड्राइव्हवर पोहोचलात की कोपलंड रोडच्या कोपऱ्यावर जॉन ग्रेगचा पुतळा आहे, १९७१ चा कर्णधार. खालच्या फलकांवर १९०२, १९६१ आणि १९७१ मध्ये गेलेल्यांची नावं आहेत. दोन्ही संघांचे लोक तिथे फुलं ठेवतात. गर्दी वाढायच्या आधी पोहोचलात तर नावं नीट वाचता येतील.